खालची रांग

यंदा थंडी लवकर आली. सकाळी शाळेत जायला निघाले, तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी शेकोटी पेटवली होती आणि तिच्यात ओलं लाकूड होतं. ओल्या लाकडाचा धूर मी डोळे मिटूनही ओळखते. तो जड असतो, वर चढत नाही, माणसाच्या गुडघ्यांशी घोटाळत राहतो आणि घशात कडवट बसतो. नाना असते तर तिथेच थांबून त्या शेकणाऱ्यांना दोन शब्द ऐकवल्याशिवाय पुढे गेले नसते. मी थांबले नाही. पण फळ्यावर लिहिताना, डबा खाताना, दिवसभर तो वास पदराला चिकटून राहिला आणि त्याच्या मागोमाग ती थंडी आली. दर वर्षी मी तिला टाळायला बघते आणि दर वर्षी ती मला बरोबर गाठते.

नाना म्हणजे माझे वडील. खानदेशातून रेल्वेच्या नोकरीसाठी उज्जैनला आले आणि इथलेच झाले. उभा जन्म पार्सल ऑफिसात परक्यांचं सामान रचण्यात गेला. घरी आले की रचायला काही नसायचं, म्हणून ते लाकडं रचायचे, असं आई म्हणायची. आमच्याकडे अंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापायचं. गीझर होता. दादाने पुण्याहून येऊन हौसेने बसवून दिला होता. पण त्या पाण्याला चव नाही, असं नानांचं म्हणणं होतं. अंघोळीच्या पाण्याला चव कसली असते, हे त्यांना कोणी विचारलं नाही, कारण ते सांगत बसले असते.

बंब आला म्हणजे सरपण आलं, आणि सरपण आलं म्हणजे ते ठेवायचं कुठे हा प्रश्न. लोक घर बांधताना देवघर कुठे असावं यावर भांडतात. आमच्याकडे लाकडांच्या जागेवरून भांडणं झाली. आधी ती स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून रचली होती. पहिल्याच पावसात भिंतीला आतून ओल आली आणि पिठाच्या डब्यामागे विंचू निघाला. मग गच्चीवर नेली. गच्चीवर ऊन भरपूर, पण वानरांना ती थप्पी म्हणजे खेळायला दिलेली जागा वाटली, आणि पहाटे जिना चढून लाकडं खाली आणताना नानांचा श्वास फुलायला लागला. मग अंगणातल्या लिंबाखाली. झाडाखाली पाऊस थांबल्यानंतरही तासभर पाऊस पडतो, हे तिथे कळलं.

शेवटी मागच्या अंगणात, न्हाणीपासून हाकेच्या अंतरावर, त्यांनी छपरी बांधली. वर पत्रा. पाठ पश्चिमेला, कारण आमच्याकडे पाऊस तिकडून मारतो. तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन आतपर्यंत. दोन्ही बाजू उघड्या. "लाकडाला झाकायचं डोक्यावरून, अंगावरून नाही," असं ते म्हणायचे. भिंत आणि थप्पी यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट हवीच. आणि खाली माती नको. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. विटांवर ठेवलेली फळी वर्षभरात वाकडी होते. म्हणून त्यांनी आमचा जुना लोखंडी पलंग बाहेर काढला. त्याच्या पट्ट्या गेल्या होत्या, सांगाडा भक्कम होता. मी आणि दादा लहानपणी त्याच पलंगावर झोपत होतो. त्याचे चारी पाय त्यांनी पत्र्याच्या डब्यांत उभे केले आणि डब्यांत फ्रीगंजच्या एका मेकॅनिककडून आणलेलं जळकं ऑइल ओतलं, वाळवी वर चढू नये म्हणून. दर वर्षी ऑइल बदलायचं. आमच्या घरात लाकडं पलंगावर आणि पाहुणे जमिनीवर झोपतात, असं दादा मित्रांना सांगायचा.

चैत्रात लाकडाच्या टालवरून हातगाडी यायची. बाभूळ, थोडा लिंब, एखाद्या वर्षी चिंच. महिनाभर ते ओंडके अंगणात उन्हात पडून राहायचे. मग पावसाच्या आधी नाना ते रचायचे, आणि ते अखंडच रचायचे. फोडायचं ते उद्यापुरतंच, हा त्यांचा नियम. फोडलेलं लाकूड पावसाळ्यात हवेतली ओल पितं आणि थंडीत धूर करतं. त्यामुळे थंडीभर रोज संध्याकाळी मागच्या अंगणातून कुऱ्हाडीचा आवाज यायचा. आधी एक जाड ठक्क, मग थोडं थांबून दुसरा, मग लाकूड उकलल्याचा कोरडा आवाज. आई तेवढ्यात चहा टाकायची. तिने कधी कुऱ्हाडीला हात लावला नाही. तिच्या बोटांचे सांधे चाळिशीतच धरले होते. बंब पेटवणं हेसुद्धा नानांचंच काम होतं. पहिलं कढत पाणी आईचं, मग सगळ्यांचं.

त्या वर्षीच्या वैशाखात मात्र कुऱ्हाड भर उन्हात वाजायला लागली. सकाळी चहाच्याही आधी. मी शाळेच्या सुट्टीत घरीच होते. उठून बघते, तर नाना डोक्याला पंचा बांधून ओंडके फोडतायत. पहिल्या दिवशी वाटलं, असेल काहीतरी. पण ते रोज चाललं. फोडलेल्याचे पुन्हा दोन, दोनाचे चार. मनगटाएवढे, त्याहून बारीक तुकडे. प्रत्येक तुकडा एकाच लांबीचा. दमले की विटेवर बसायचे, पाणी प्यायचे, पुन्हा उठायचे.

आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती सहजासहजी गप्प बसणारी नव्हे.

"अहो, फोडलेलं लाकूड पाऊस पितं, हे तुम्हीच सांगत आलात ना?"

"हो."

"मग हे काय सुरू केलंय? एवढी बारीक लाकडं भडाभड जळून जातील. अर्ध्या थंडीत कोळसा पण नाही उरायचा."

"असू दे."

"लू लागेल तुम्हाला. पूरा उन्हाळा हेच करणार का?"

"पंचा बांधलाय की," नाना म्हणाले आणि पुढचा ओंडका उभा केला.

थप्पीही त्यांनी त्या वर्षी वेगळी रचली. नेहमी ती पत्र्याला टेकायची. वरची लाकडं काढायला नाना स्टुलावर चढायचे. या वेळी ती आईच्या कमरेच्या वर जाऊ दिली नाही. उंची कमी म्हणून लांबी वाढली. पलंग पुरला नाही, तर त्याला लागून जुनं लोखंडी टेबल लावलं. त्यासाठी छपरीच्या कोपऱ्यात उभी असायची ती स्वतःची स्कूटर बाहेर काढली आणि महिन्याभरात विकूनही टाकली. चालवतो कोण आता, म्हणाले. आईला ते आवडलं नाही. स्कूटरवरून टावर चौकात जाऊन भाजी आणणं हा त्या दोघांचा संध्याकाळचा एकुलता एक कार्यक्रम होता.

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात नाना पडले. दवाखान्यात फार दिवस ठेवायला लागलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेतलं. मी शेजारीच होते. "आंटी जी, ये आज का नहीं है. काफी पुराना है. अंकल जी ने आपको कभी बताया नहीं?" आई परत येऊन नानांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत बसली. ते सारखंच होतं. नानांना तेव्हा बोलता येत नव्हतं. त्यामुळे जे विचारायचं ते राहून गेलं.

नाना गेल्यावर आम्ही कपाट बघितलं, बॅग बघितली, पेन्शनच्या कागदांची पिशवी बघितली. तपासणीचा एकही कागद सापडला नाही. एखादा सापडला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. मग आईचा प्रश्न दोन ओळींत सुटला असता. नाना वैशाखात पेन्शनच्या कामाला म्हणून इंदूरला जाऊन आले होते एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पेन्शनच्या कामाला माणूस जाऊ शकतो. जातातच लोक. त्यांना माहीत होतं की नव्हतं, एवढंच आईला हवं होतं. दुसरं काहीही नको होतं.

आणि मग ती थंडी आली.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, गीझर लावते. आई म्हणाली, "तू झोप." ती शाल गुंडाळून मागच्या अंगणात गेली. मी खिडकीतून बघत राहिले. तिने थप्पीतून लाकडं घेतली. घेतली म्हणजे नुसता हात पुढे केला. वाकावंही लागलं नाही तिला, चवड्यांवर उभं राहावं लागलं नाही. छातीशी चार तुकडे धरून ती बंबाशी आली, पाटावर बसली आणि एकेक आत सारायला लागली. पेटायला वेळ लागला. धूर झाला. नानांचा नियम खरा होता, फोडलेल्या लाकडांनी पाऊस प्यायला होता. पण पेटला बंब. त्या दिवशी पहिलं कढत पाणी तिने मला दिलं.

रोज तेच. मार्गशीर्षाचं धुकं, लांबून देवळातली घंटा, दर्शनाला आलेल्यांच्या गाड्यांचे हॉर्न, आणि बंबापुढे बसलेली आई. तिचा चेहरा मला जाळाच्या उजेडात एका बाजूने दिसायचा. आधी मला वाटलं, तिला नानांच्या कामात बरं वाटतंय. माणूस गेल्यावर त्याचं काम हातात घेतलं की तेवढा आधार असतो, असं आपण समजतो. तसं नव्हतं ते. ती तपासत होती. प्रत्येक तुकडा आत घालण्याआधी हातात फिरवून बघायची, मापायची, मग सारायची.

धुराची तक्रार घेऊन शेजारच्या भाभी आल्या. बिचाऱ्या भांडायला आल्या नव्हत्या. त्यांच्या सुनेला दमा होता. "आंटी जी, गीजर तो है आपके यहाँ, फिर ये काय को जलाते हो? आपकी भी आँखें देखो कैसी हो गई हैं." आई म्हणाली, "बस, इसी ठंड की बात है, भाभी. अगली बार नहीं जलाऊँगी." डोळ्यांना धुराचं निमित्त होतं, तेवढं एक बरं होतं.

एका सकाळी तिने मला हाक मारली. "नीला, इकडे ये. हे बघ." हातातला तुकडा तिने बंबाच्या तोंडात घातला. तो सरळ आत गेला आणि झाकण लागलं. "एक पण तिरका करावा लागत नाही. एक पण मोठा नाही. बोटांत पकडता येतो." तिने दुसरा तुकडा हातात फिरवला. "त्यांना माहीत होतं गं."

"सहज केलं असेल, आई. रिकामे होते, वेळ जात नसेल."

"सहज काही करायचे का ते?"

सहज त्यांनी आयुष्यात खरंच काही केलं नव्हतं.

संक्रांतीला दादा आला. त्याला मी सगळं सांगितलं. तो हळवा आहे, लगेच त्याचे डोळे भरले. आईजवळ बसून म्हणाला, "किती काळजी होती नानांना तुझी. आपण गेल्यावर हिला कुऱ्हाड उचलता यायची नाही, याचा विचार केला त्यांनी. किती लोक करतात एवढं?"

आईने तिळगुळाचा डबा बंद केला. "काळजी होती, तर सांगायचं होतं. मी उन्हाळाभर त्यांना बोल लावत होते. लू लागेल म्हणत होते. अक्कल गेली का म्हणत होते. ऐकून घेत होता माणूस. लाकडांना सांगितलं त्यांनी. मला नाही सांगितलं."

"तुला त्रास नको म्हणून..."

"मला त्रास नको, हे ठरवणारे ते कोण?" आई म्हणाली. दादा उठून बाहेर गेला. मला वाटलं होतं, ती रडेल. ती रागावली होती. इतकी वर्षं एकाच माणसाच्या हातचं कढत पाणी घेतल्यावर तिला एवढा हक्क होता.

तरीही 'त्यांना माहीत होतं' असं ठामपणे म्हणून झाल्यावर, दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा डळमळायची. भाजी चिरता चिरता म्हणायची, "नसेल पण माहीत. सवय असते एकेकाला, म्हातारपणी असलं काही सुचतं." मग पुन्हा सकाळी बंब, पुन्हा तो बारीक, सारखा, हातात बसणारा तुकडा. थप्पी रोज खाली जात होती. बाभळीचा लालसर रंग, सालीचा वास, मधूनच एखाद्या तुकड्यावर कुऱ्हाड चुकल्याची खूण. ती खूण दिसली की आई तो तुकडा बाजूला ठेवायची आणि शेवटी घालायची. मला कधीकधी वाटायचं, लाकडं संपू नयेत. कधी वाटायचं, एकदाची संपू देत, म्हणजे ही चौकशी थांबेल.

होळीच्या आधी बारीक लाकडं संपली. मी शाळेतून आले, तर आई छपरीत उभी. ऊन तिरकं आत आलेलं. पलंगाच्या सांगाड्यावर एक शेवटची रांग राहिली होती, आणि ती अखंड ओंडक्यांची होती. जाड, न फोडलेले, नेहमीसारखे. नाना दर वर्षी रचायचे तसे.

"पाया म्हणून ठेवले असतील," मी म्हटलं. "वरच्या थप्पीला आधार."

"नाही." आई त्या ओंडक्यांकडे बघत होती. "मी सांगते तुला. ते इंदूरला गेले ना, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ही रांग लावली. मी बघितलीय लावताना. पुढची घ्यायला लागले, तर मीच म्हटलं, आता बस करा, बाकीचं इंदूरहून येऊन करा."

मग तिने मला त्या दिवसाचं सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. नाना दुपारी इंदूरहून परत आले. चेहरा उन्हाने लाल झाला होता. तिने आमरस केला होता. त्यांनी हातपाय धुतले, पानावर बसले. काम झालं का, तिने विचारलं. झालं, म्हणाले. वाटीभर आमरस खाल्ला, मग आणखी मागून घेतला. "आणि वर मला म्हणाले, या वेळचे आंबे गोड लागलेत." आईने पदराने तोंड पुसलं. "दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाड वाजायला लागली."

म्हणजे ओंडक्यांच्या या रांगेपर्यंत नानांना माहीत नव्हतं. ही लावताना ते पुढच्या थंडीत रोज संध्याकाळी येऊन फोडणार होते. तिच्यावरचा पहिला बारीक तुकडा ठेवताना त्यांना माहीत झालं होतं. मधे फक्त एक जेवण होतं, आणि ते तिने वाढलं होतं.

आई त्या दिवसानंतर डळमळली नाही. रागावलीही नाही. तिचं काहीतरी विझलं, एवढंच मला सांगता येईल. बंब घासून माळ्यावर गेला. भाभींनी विचारलं, "आंटी जी, ये बची हुई होली में डाल दें क्या?" आई म्हणाली, "नहीं. वो रखी हुई हैं." मी तिला म्हटलं, माणूस बोलावून फोडून घेऊ. तर म्हणाली, "ती त्यांनी स्वतः फोडायची म्हणून ठेवलेली आहेत. राहू दे तशीच."

ती तशीच राहिली. काही वर्षं झाली आता. शेजारच्या घराचं होम-स्टे झालं, गल्लीत बाहेरगावच्या गाड्या उभ्या राहायला लागल्या. दादा येतो तेव्हा म्हणतो, ती छपरी पाडू, गाडी तरी लागेल, काय ठेवलंय तिथे. मी म्हणते, लाकडं. आईचे गुडघे गेले, ती आता मागच्या अंगणात येऊ शकत नाही. तिच्या खाटेवरून छपरीचा पत्रा तेवढा दिसतो.

मी नानांचे सगळे नियम पाळले. दर वर्षी डब्यांतलं ऑइल बदललं, पालापाचोळा झाडला, ऊन येईल तिकडची बाजू मोकळी ठेवली. पण काळी माती फुगते आणि बसते, फुगते आणि बसते. तिच्याबरोबर पलंग हळूहळू पश्चिमेला कलत गेला, आणि एका पावसाळ्यात एका ओंडक्याचं टोक भिंतीला टेकलं. तेवढं पुरलं. वाळवी खालून आली नाही, भिंतीवरून आली.

थंडी सुरू झाली की आईचं एक काम मला करायचं असतं. आजही शाळेतून आले, अंगाला तो ओल्या धुराचा वास, आणि तिने खाटेवरून विचारलं, "नीला, खालची रांग उन्हात फिरवलीस का?"

मी मागे गेले. ओंडके एकेक करून उचलले आणि उन्हात ठेवले. पूर्वी एक उचलायला दोन्ही हात लागायचे. आता एका हाताने उचलला जातो. साल शाबूत आहे, आकार शाबूत आहे, आत मातीच्या नळ्या झाल्या आहेत. जोरात ठेवला तर फुटेल, म्हणून मी तान्ह्या मुलासारखा अलगद ठेवते. मी ते सगळे पुन्हा पलंगावर होते तसे लावले, साल दिसेल अशी बाजू वर करून.

"दीमक तर नाही ना लागली?" तिने आतून विचारलं.

"नाही गं आई. ठणठणीत आहेत," मी म्हटलं. मग हात धुतले आणि आमच्या दोघींचा चहा टाकला. तिने कप हातात घेतल्यावर, या वेळी आलं छान उतरलंय, असंही वर मी म्हणाले.